दगडूदादांची काठी आणि माझी वही

सुनंदाताई, घरातली मंडळी, आणि डोंगराखालच्या तिन्ही वाड्यांतून इथं विहारात जमलेल्या माझ्या माणसांनो,

मला बोलायला सांगितलंय. रोज रात्री वहीत दोन पानं लिहिणारा माणूस मी. शाळेत पस्तीस मिनिटांचा तास न अडखळता घेतो. पण काल संध्याकाळपासून पहिलं वाक्य सुचत नाही. एक लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी वही मिटली. म्हटलं, दादांसमोर उभं राहायचंय, तर जे तोंडात येईल ते बोलावं.

दगडू साळवे गेले. पासष्ट-सहासष्ट वर्षं जगले. त्यातली तीस वर्षं त्यांनी आपल्या डोंगरातली लेणी राखली. जुन्नरच्या भोवती लेणी थोडी नाहीत. त्यातला आपला हा गट लहान, आडबाजूचा. पाहुणे कमी, पहारेकरी एकच. तो पहारेकरी आज या फोटोत आहे.

त्यांचं नाव दगडू. आधीची दोन भावंडं राहिली नाहीत म्हणून आईनं ठेवलेलं. सहलीला आलेली मुलं नाव ऐकून हसायची. दादाही हसायचे. म्हणायचे, "हसा, हसा. दगडाचा मान दगडूनं न्हाई राखायचा, तर काय शंकऱ्यानं राखायचा?" पहिल्या सहलीत माझ्या वर्गात खरंच एक शंकर होता. तो बिचारा दिवसभर कुठल्या भिंतीला हात लावेना.

तिथंच आमची ओळख झाली. मी मूळचा निरगुडसरचा, पलीकडच्या आंबेगाव तालुक्यातला. नव्वद सालानंतर इकडच्या हायस्कुलात लागलो. इतिहास शिकवायचो. लेण्यांबद्दल पुस्तकात वाचलेलं सगळं मला पाठ होतं. त्या पहिल्या दिवशी मी मुलांना सांगितलं, हे पाण्याचं टाकं. दादा मागून हळूच म्हणाले, "सर, टाकं म्हना, पर तिचं नाव पोढी हाय."

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"तिनंच सांगितलंय. वाचा की."

टाक्याच्या तोंडावर, वरच्या दगडात, ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. फार वर्षांपूर्वी कुणी अभ्यासक ठसे घ्यायला आले होते. त्यांच्या हाताखाली काम करताना दादांनी ती ओळ शिकून घेतली. चौथी शिकलेला माणूस. पो आणि ढी ही अक्षरं बोटानं हवेत काढून दाखवायचे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कुणीतरी ते खोदवून दान दिलं, एवढंच त्या ओळीत आहे. दादा म्हणायचे, "बगा सर, पानी देनाऱ्याचं नाव कोरलंय. पिनाऱ्याचं न्हाई. पिनारा कुनीबी असू द्या, असा त्याचा अर्थ."

पुस्तकं मी वाचली होती. हा अर्थ त्यांनी काढला होता.

ही काठी तुम्ही पाहताय. फोटोशेजारी उभी केलीय. वेळूची आहे. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला, ऐन उन्हाळ्यात, दादा ती पोढीत तळापर्यंत सोडायचे. जिथवर ओली होईल तिथं चाकूनं एक खाच पाडायचे. पुढच्या वर्षीची खाच थोडी उजवीकडे. अशा खाचा काठीभोवती गोल फिरत गेल्यात. कुठली खाच कुठल्या सालची, ते मी वहीत लिहायचो. ते म्हणायचे, "मी काठीवर लिवतो, तुमी वहीत लिवा. दोघांचं जुळलं की खरं." हवामान बदलतंय असं आपल्याकडं कुणी मोठ्यानं बोलायच्या आधी ते या काठीकडं बोट दाखवून मला सांगत होते, "पाऊस तेवढाच पडतो ओ. पर पूर्वी लावून पडायचा, आता ओतून मोकळा व्हतो. पोढीला सवड न्हाई घ्यायला."

आता थोडं हसायचं सांगतो. दादांच्या आठवणीत हसायला नको असं त्यांना चाललं नसतं.

आपल्या सांस्कृतिक समितीनं एकदा ठरवलं, लेण्यांपुढच्या अंगणात कलामहोत्सव घ्यायचा. संध्याकाळी, दिव्यांच्या झगमगाटात. मी समितीत होतो. जनरेटर ठरला, मोठे फोकस ठरले, थर्माकोलची कमान ठरली. दादांना कळलं तेव्हा ते मला लेण्याच्या कपाळाखाली घेऊन गेले आणि वर बोट दाखवलं. आग्या माशांची सात पोळी लटकत होती.

"वर घर हाय," ते म्हणाले. मोठ्यानं बोलणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगायचे. हळू, वर घर आहे.

मी म्हटलं, दादा, माशांचा बंदोबस्त करता येईल.

"कराल की. धूर कराल, पोळी पाडाल. मंग त्यो धूर दगडाला बसंल. डिझेलचा बी बसंल. दोन हजार वर्सं जे काळं झालं न्हाई, ते तुमच्या एका संध्याकाळीत व्हईल. आन सर, सकाळी सूर्य थेट आत येतो. फुकाट. त्यो कशापायी सोडताय?"

समितीत माझी चेष्टा झाली. एक जण म्हणाला, "राव, तुमचा पहारेकरी कलेक्टर झाला का?" पण कार्यक्रम सकाळी झाला. जनरेटर नाही, माइक नाही, कमान नाही. नारायणगावच्या बाजूच्या एका तमाशाच्या फडातल्या जुन्या गायिका आल्या होत्या. माइक नाही म्हणून सुरुवातीला नाराज होत्या. मग त्यांनी लेण्याच्या दारात उभं राहून पहिला सूर लावला. लेण्यानं तो घेतला आणि भरून परत दिला. त्या थांबल्या. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. कार्यक्रम संपल्यावर त्या पोढीचं पाणी प्यायल्या आणि दादांना म्हणाल्या, "भाऊ, आयुष्यभर कर्ण्यात ओरडले. आज गायले." वर माशा जागच्या हलल्या नाहीत. नंतर तो कार्यक्रम तसाच, सकाळी, उजेडात होत राहिला. आज लोक त्याचं श्रेय समितीला देतात. त्यातलं काहीही समितीला सुचलं नव्हतं.

आता मला जे सांगायचंय ते अवघड आहे. ते सांगितल्याशिवाय मी खाली बसलो तर वरचं सगळं वाया गेलं.

एका वर्षी पोढीचं पाणी एकदम खाली गेलं. माघातच तळ दिसायला लागला. मी म्हटलं, पोढी गळतेय, तडा गेलाय. दादा म्हणाले, "गळत न्हाई सर. तिला प्यायलाच मिळंना. वर चला, दावतो." वर म्हणजे लेण्याच्या डोक्यावर. तिथं खडकात एक पाट खोदलेला आहे, डोंगरावरचं पाणी अडवून पोढीत आणणारा. मला शाळेची घाई होती, गवत वाढलं होतं, चढण वाईट होती. मी वर गेलो नाही. खालून पाहिलं, आणि खालूनच ठरवलं.

दादांनी सरळ सांगितलं होतं, "शिमीट लावू देनार न्हाई. शिमीट दगडाला धरत न्हाई, दगडाची साल घेऊन निघतं."

मला ते हट्टी वाटले. खोटं कशाला बोलू, अडाणी वाटले. सुनंदाताई, लेकीच्या, म्हणजे तुमच्या लग्नासाठी ते तीन दिवस रजेवर शिनोलीला गेले. तेवढ्यात मी गावातला मिस्त्री लेण्यापाशी नेला आणि पोढीला आतून गिलावा करून घेतला. मिस्त्रीनं उत्साहानं तोंडाच्या वरची भिंतही सपाट केली. मी तिथं उभा होतो. छान दिसतंय, म्हणालो.

चौथ्या दिवशी दादा आले. हातात तुमच्या लग्नाच्या बुंदीचा डबा, माझ्यासाठी आणलेला. पोढीपाशी आले, वाकले, मग वर पाहिलं. डबा खडकावर ठेवला. एवढंच म्हणाले, "सर, पोढी कुठंय?"

अक्षरं सिमेंटखाली गेली होती.

मंडळी, मी त्या दिवशी काहीही बोलू शकलो असतो. बोललो नाही. काही दिवसांनी चौकशीला पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. हे कुणी केलं, विचारलं. दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "रजेवर जायच्या आधी मीच मिस्त्रीला सांगून गेलतो. चूक माझी." मी शेजारी उभा होतो. मला भीती होती. नोकरीची, नावाची, पोरांपुढं तोंड दाखवायची. साहेबांनी लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

आणि त्या रात्री माझ्या वहीत मी काय लिहिलं? "पोढीची दुरुस्ती दगडू साळवे यांच्या सांगण्यावरून झाली." कुणी वाचणार नव्हतं. तरी खोटं लिहिलं. माझ्याच वहीत, मलाच.

दादांची बदली झाली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका किल्ल्यावर. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, दादा, का केलंत? ते काठी पुसत बसले होते.

"सर, माझी बदली झाली तर म्या तिथं बी दगुडच राखनार. तुमची झाली तर हितं पोरं कोन आननार? तुमच्याबिगर डोंगराला कोन यील, सांगा की."

मग ही काठी माझ्या हातात दिली. "पुनवेला सोडा. खाच पाडा. आन ऐका, शिमीट खरवडायला जाऊ नका, छिन्नी लावू नका. आधी वर जावा."

मी गेलो. तेव्हा गेलो. पाट मातीनं भरला होता, कारवीच्या मुळांनी आवळला होता. आणि मातीच्या वरच्या थराखाली थर्माकोलच्या ताटल्या होत्या. सहलीच्या ताटल्या. कुणाच्या सहलीच्या, ते विचारू नका. डोंगरावर सहल दरवर्षी मीच आणायचो.



पौर्णिमेला काठी सोडली. ओल चार बोटं. या काठीवरची सगळ्यांत खालची खाच ती. मीच पाडली. बघा, वाकडी आहे. बाकी सगळ्या सरळ आहेत. पाऊस यायच्या आत आम्ही शाळेची मंडळी आणि या वस्तीतले दहा-बारा जण वर चढलो आणि पाट मोकळा केला. मुळं हातानं काढली, कुदळ लावली नाही, कारण दादांनी तसं सांगून ठेवलं होतं. ताटल्या मी स्वतः पोत्यात भरून खाली आणल्या. त्या दिवसापासून आमच्या सहलीत पळसाची पत्रावळ आली. त्याबद्दल कुणी मला शाबासकी देऊ नये.

त्या पावसाळ्यात पोढी भरली. गळाली नाही. तडा नव्हताच.

पुढं खात्याचे जाणकार सिमेंट काढायला आले. त्यांनी दोन दिवस डोंगर पाहिला आणि वर कळवलं की हा डोंगर ओळखणारा माणूस इथं पाहिजे. दादा परत आले. त्या जाणकारांच्या हाताखाली ते रोज थोडं थोडं काम करायचे, पाण्यानं, लाकडी पाचरीनं, बोटानं. मी शाळा सुटल्यावर जायचो, पाणी द्यायला. ढी निघाली. पो पूर्ण निघाला नाही, अर्धा सालीबरोबर गेला. मी म्हटलं, दादा, हे माझ्यामुळं गेलं. ते म्हणाले, "व्हय, तुमच्यामुळंच." मला बरं वाटेल असं काही बोलले नाहीत. मग थोड्या वेळानं म्हणाले, "आता येनाऱ्या प्रत्येक पोराला सांगा, कसं गेलं ते. मंग त्याचा बी उपेग झाला."

दादा, मी पोरांना सांगायचो. पण "चुकून सिमेंट लागलं" असं सांगायचो.

मग आला तो कोरडा उन्हाळा. दोन हजार तीनच्या आसपासचा. इथल्या बायांना आठवत असेल. टँकर आज येतो उद्या येतो करत आठ-आठ दिवस येत नव्हता. पोढीत पाणी होतं, कारण आता पाट दरवर्षी नाही, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी साफ व्हायचा. पाऊस ओतून मोकळा होणार असेल तर आपण तयार पाहिजे, हे दादांचं गणित होतं. मंचरहून एक भला माणूस मोटर घेऊन आला. म्हणाला, पाइप टाकतो, तासाभरात वस्तीत पाणी. चांगल्या मनानं आला होता. दादांनी त्याला चहा पाजला आणि मोटर परत पाठवली.

"पावनं, मोटरीला कळत न्हाई किती उरलंय. दोरीनं काढलं की हाताला कळतं."

घराला एक हंडा. दोरीनं. या वस्तीला, ठाकरवाडीला, आणि पाटीलवाडीलाही. पाटीलवाडीतून पहिल्या दिवशी एक बाई आल्या आणि अंतरावर थांबल्या. का थांबल्या, ते इथल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. त्यांच्या आज्ज्या-सासवांच्या काळात या वस्तीतल्या माणसांना त्यांच्या विहिरीपासून किती लांब उभं राहावं लागायचं, तेही सांगायला नको. दादांनी दोर ओढता ओढता म्हटलं, "वैनी, हंडा पुढं करा. पोढीला कुनाचं भांडं कुनाचं, वळखू येत न्हाई."

त्या बाई आज इथं बसल्यात. सकाळी सर्वांत आधी आल्या.

तो उन्हाळा आपण काढला. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या पाण्यावर, आणि ते राखणाऱ्या एका माणसाच्या शब्दावर. कुणी दादांचा सत्कार केला नाही. शाल मिळाली नाही. मला मात्र "लेणी-मित्र शिक्षक" म्हणून एक शाल मिळाली. ती घरी आहे. पांघरायची हिंमत कधी झाली नाही.

मी आज रडायला उभा नाही. मला या माणसाचा अभिमान आहे. आपल्या तालुक्यात मोठमोठे पुढारी झाले, कलावंत झाले. पण दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला एक शब्द वाचून, तो भिंतीवर न ठेवता रोज जगलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. वारसा राखायचा म्हणजे कुलूप लावून ठेवायचा, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. दादांनी दाखवलं की पोढी राखायची म्हणजे तिच्यात पाणी राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी डोंगर राखला पाहिजे, मुळं, माशा, पाट, सगळंच.

बुद्धपौर्णिमेच्या तीन दिवस आधी दादा गेले. या वर्षीची खाच राहिली होती. आज सकाळी सुनंदाताई आणि मी वर गेलो. मंचरच्या दवाखान्यात रात्रपाळी करून त्या थेट डोंगरावर आल्या. त्यांना मी लग्नाच्या वेळची गोष्ट तिथं पहिल्यांदा सांगितली. इथं सांगायच्या आधी त्यांना सांगणं भाग होतं.  मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्या लग्नात बाबांचं काय चुकलं म्हणून बदली झाली. इतकी वर्सं वाटत व्हतं."

मी काठी त्यांच्या हातात दिली. 

आम्ही काठी सोडली. पाणी चांगलं आहे. इथवर ओल आली. मी चाकू काढला. ताई म्हणाल्या, "द्या इकडं. खाच मी पाडते. सर, तुमी वही लिवा. खरी लिवा."

ही वही मी आणलीय. त्या दिवसाचं पान उघडून मी जुनी ओळ खोडली नाही. खोडली असती तर तीही लपवाछपवी झाली असती. खाली आजच्या तारखेनं लिहिलंय, ते वाचतो.

"वरची ओळ खोटी आहे. पोढीला सिमेंट मी लावून घेतलं. दगडू साळवे यांनी मला अडवलं होतं. मी ऐकलं नाही. शिक्षा त्यांनी घेतली. पोढीवरचा अर्धा पो माझ्यामुळं गेला आहे."

उद्या ही ओळ मी खात्यालाही लिहून पाठवणार आहे. त्यांच्या दप्तरात दादांच्या नावापुढं जे लिहिलंय, ते तसं राहता कामा नये. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. आणि पुढच्या सहलीत पोरांना सांगताना "चुकून" हा शब्द मी वापरणार नाही.

दादा, काठी आणि वही आज जुळली. उशीर झाला, पण जुळली.

आता त्यांच्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. घड्याळ लावू नका, माइकही बंद करा. फक्त एक विनंती. उठताना खुर्च्या ओढू नका, मंडळी. हळू उठा.

वर घर आहे.